जुन्या मसल कारला क्लच कुठला टाकायचा? ६९ च्या कॅमारोत तीनदा गिअरबॉक्स उतरवून शिकलेलं सगळं

जुन्या खंडाळा घाटातून ज्यांनी एसटीने प्रवास केलाय त्यांना तो वास बरोबर आठवेल. पुढे माल भरलेला ट्रक हाफ क्लचवर रखडत चढतोय, आपल्या खिडकीतून जळकट कडवट वास आत येतोय आणि आई म्हणतेय खिडकी लाव आधी. तोच वास मला कित्येक वर्षांनी मिशिगनमध्ये आला, वूडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर, ऑगस्टमध्ये ड्रीम क्रूझची, म्हणजे जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीची, गर्दी असते तेव्हा, आणि या वेळी पुढे ट्रक वगैरे कोणी नव्हतं, वास माझ्याच गाडीखालून येत होता.

गाडी म्हणजे १९६९ ची शेवरले कॅमारो, अमेरिकन मसल कार (मोठं ताकदवान इंजिन घातलेली गाडी), ३५० क्युबिक इंचाचं व्ही-८ इंजिन, मागे जनरल मोटर्सच्या मन्सी कारखान्याचा फोर स्पीड एम-२० गिअरबॉक्स. आधीच्या मालकाने इंजिनात थोडा मोठा कॅम टाकलेला, अ‍ॅल्युमिनियमचा इनटेक, चार बॅरलचा कार्ब्युरेटर, आणि एक्झॉस्टला हेडर्स (मोकळे पाइप). म्हणजे रेस कार नाही, पण कंपनीतून निघालेली साधी गाडीही नाही. अशा मधल्या गाड्यांचीच क्लचच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत होते, कारण स्टॉक क्लच जेमतेम पुरतो आणि दुकानात विचारलं की समोरचा सरळ रेसचा क्लच हातात देतो.

मीही तसाच घेतला. सहा पकचा सिरॅमिक, म्हणजे प्लेटवर पूर्ण गोल थराऐवजी सिरॅमिकचे सहा सुटे तुकडे, प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला इंजिनामागच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, दाबून धरणारा भाग) एकदम कडक, डब्यावर ज्वाळांचं चित्र. बसवल्यावर पेडल असं झालं की सिग्नलला थांबलो की डावा पाय थरथरायचा, गाडी पहिल्या गिअरमध्ये बेडकासारखी उडी मारून निघायची, आणि पाच महिन्यांत क्लचचा झेड बार (पेडलचा जोर क्लचपर्यंत पोचवणारा दांडा) वाकला तो वेगळाच. क्लच वाईट नव्हता हं, तो माझ्या गाडीचा नव्हता. मग परत सगळं खाली, नवीन क्लच, आणि त्यात रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाबून क्लच सोडवणारं) चुकीच्या लांबीचं लागलं म्हणून तिसऱ्यांदा गिअरबॉक्स खाली. मन्सीचा गिअरबॉक्स तीसेक किलोचा आहे, पाठीवर झोपून तो छातीवर तोलायची हौस एकदाच पुरते. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

आधी बघा, खरंच क्लच गेलाय का

अर्ध्या वेळा क्लच गेलेला नसतोच. गाडी चांगली गरम करा, मोकळा सरळ रस्ता बघा, चौथ्या गिअरमध्ये ३५-४० मैलांच्या वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम आणि वेग बरोबरीने वाढले तर क्लच धरतोय, आरपीएम झपकन वर गेले आणि गाडी मागेच राहिली तर स्लिप होतोय. हे दोनदाच करा, दहादा केलंत तर चांगला क्लचही तिथेच जाळाल.

स्लिप होत असेल तरी लगेच पार्ट मागवू नका. पेडलला हाताने दाबून बघा, वरून साधारण इंचभर ते मोकळं हललं पाहिजे, मग जोर लागायला हवा. मोकळी चाल अजिबात नसेल तर रिलीज बेअरिंग सतत त्या बोटांवर टेकलेलं असतं आणि प्रेशर प्लेट पूर्ण दाबतच नाही, म्हणजे तुम्ही न कळत कायम पेडलवर पाय ठेवून गाडी चालवताय असं समजा. क्लच प्लेट झिजत जाते तशी ही मोकळी चाल कमी होत जाते, आणि जुन्या गाड्यांत ती आपोआप अ‍ॅडजस्ट होत नाही, खाली रॉडवरचा नट फिरवून करावी लागते. पाच मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे.

दुसरी तपासणी उलटी. पेडल पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. मन्सीच्या रिव्हर्सला सिंक्रोनायझर (गिअर अलगद जुळवणारा भाग) नाही, त्यामुळे क्लच नीट सुटत नसेल तर तो कर्रर्र करून लगेच सांगतो. तो आवाज आला तर लिंकेज झिजलंय, चाल जास्त आहे, पायलट बुश (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक ज्यात फिरतं ती छोटी नळी) अडकतोय किंवा क्लच प्लेट वाकलीय, यातलं काहीतरी.

आवाजावरूनही कळतं बरंच. पेडल दाबल्यावरच घरघर येत असेल तर रिलीज बेअरिंग, न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना येत असेल आणि दाबल्यावर जात असेल तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग. आणि गाडी निघताना थरथरत असेल तर आधी इंजिन माउंट बघा, रबर फाटलेलं असतं आणि शिव्या क्लच खातो.

शेवटचं म्हणजे तेल. बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या खोक्याच्या) खालचं पत्र्याचं कव्हर काढून टॉर्च मारा. आत तेल दिसलं तर ते इंजिनच्या मागच्या मेन सीलमधून येतंय किंवा गिअरबॉक्सच्या पुढून, आणि ते थांबवल्याशिवाय कितीही भारी क्लच टाका, चार महिन्यांत तो तळून निघेल. वास घेऊन फरक कळतो, गिअर ऑइलला एक उग्र गंधकासारखा वास असतो.

मग इंजिनाचा खरा आकडा काढा

क्लचला हॉर्सपॉवर कळत नाही, त्याला टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, कळतो. आणि तुमच्या गाडीचा टॉर्क माहितीपत्रकात छापलाय तो नसतो. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या बहुतेक करून ग्रॉस आकडे छापायच्या, म्हणजे इंजिन बाहेर स्टँडवर, मोकळा एक्झॉस्ट, अंगावर अल्टरनेटर-फॅन वगैरे ओझं नाही. १९७२ पासून नेट आकडे आले आणि त्याच इंजिनांचे आकडे कागदावर धाडकन खाली आले. माझ्या वर्षीच्या कॅमारोच्या एसएस ३५० मॉडेलला ३०० हॉर्सपॉवर आणि ३८० पौंड-फूट टॉर्क छापलाय, तो ग्रॉस. कॅम, इनटेक, हेडर्स धरून मी माझ्या इंजिनाचा खराखुरा टॉर्क ४०० पौंड-फूट पकडला, आणि खरं सांगायचं तर तोही जरा उदार हातानेच पकडलाय.

इथे स्वतःशी प्रामाणिक राहायचं. मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या दोस्ताला आपण 'साडेचारशे घोडे आहेत रे' सांगतो ते ठीक आहे, पण त्या आकड्यावर क्लच घ्यायला गेलात तर पायाची वाट लागेल.

आता थोडं गणित, घाबरू नका, दहावीचंच आहे. क्लच किती टॉर्क धरेल हे चार गोष्टींवर ठरतं: प्रेशर प्लेट किती जोराने दाबतेय, फेसिंगचं (क्लच प्लेटवरच्या घासणाऱ्या थराचं) घर्षण किती, फेसिंगची सरासरी त्रिज्या किती, आणि घासणाऱ्या बाजू किती. साध्या क्लचला दोन बाजू. ११ इंची प्लेट घ्या, आतला व्यास साडेसहा इंच धरा, सरासरी त्रिज्या आली ४.३७५ इंच म्हणजे ०.३६५ फूट. ऑरगॅनिक फेसिंगचं घर्षण ०.२७ धरू. प्रेशर प्लेट २००० पौंडाने दाबत असेल तर ०.२७ गुणिले २००० गुणिले ०.३६५ गुणिले २, उत्तर साधारण ३९४ पौंड-फूट. माझ्या ४०० च्या इंजिनाला हे काठावर, आणि प्लेट तापली, थोडी झिजली की काठाच्या खाली. म्हणूनच वूडवर्डवर तो वास आला.

तेच २४५० पौंडाची प्रेशर प्लेट घेतली की उत्तर येतं ४८० च्या पुढे, म्हणजे वीस टक्के शिल्लक. रस्त्यावर चालवायच्या गाडीला वीस-पंचवीस टक्के राखीव भरपूर झाले. मी सुरुवातीला जो सिरॅमिक घेतला होता त्याच्या डब्यावरचा आकडा माझ्या इंजिनाच्या जवळपास दुप्पट होता. लग्नाला दोनशे पाहुणे येणार आणि चारशेचा स्वयंपाक केला, तसं.

या गणितातून अजून एक गंमत कळते. ११ इंचाऐवजी १०.४ इंची प्लेट घेतली तर त्रिज्या जेमतेम साडेतीन टक्के कमी होते, म्हणजे टॉर्क धरायला फारसा फरक नाही. पण फेसिंगचं क्षेत्रफळ? ११ इंचीचं साधारण ६२ चौरस इंच, १०.४ वालीचं ५२. जवळपास वीस टक्क्यांचा फरक. मोठी प्लेट घ्यायची ती उष्णता पसरायला आणि आयुष्य वाढायला, ताकदीसाठी नाही. ट्रॅफिकमध्ये चालवायची असेल तर बेलहाउसिंगमध्ये मावेल ती मोठी प्लेट घ्या असं माझं मत.

गिअर आणि वजन, जे कोणी विचारतच नाही

दुकानात इंजिन विचारतात, मागच्या एक्सलचा रेशो क्वचित कोणी विचारतं. आणि क्लच जळतो तो बहुतेक वेळा गाडी जागेवरून हलवताना, वेगात असताना नाही. एम-२० चा पहिला गिअर २.५२, माझ्या एक्सलला ३.३१, गुणाकार ८.३४. मन्सीच्याच एम-२१ प्रकाराचा पहिला गिअर २.२०, त्याच्या मागे कोणी हायवेसाठी ३.०८ चा एक्सल लावला तर गुणाकार फक्त ६.७८. अशी गाडी निघताना क्लच कितीतरी जास्त वेळ घासत राहतो, जणू दर सिग्नलला सेकंड गिअरमध्ये उचलताय. उलट एम-२० मागे ३.७३ असेल तर ९.४०, ती गाडी नुसता पाय सोडला तरी निघते.

तुमचा गुणाकार आठच्या खाली असेल तर पकवाला क्लच विसरा, तुम्हाला हळूहळू पकडणारं, पूर्ण गोल फेसिंग पाहिजे. नऊच्या वर असेल तर जरा कडक पकडणारा क्लचही खपून जातो. वजन तसंच, साडेतीन हजार पौंडाच्या आसपासची कॅमारो वेगळी आणि चार हजाराकडे झुकलेली मोठी गाडी वेगळी, आणि टायर उंच टाकलेत की पुन्हा गुणाकार बिघडला.

गाडीखाली जाऊन मोजा, कागदावर विश्वास नको

पन्नास-पंचावन्न वर्षांची गाडी आहे. तिच्यात आतापर्यंत कोणी काय काय बदललंय हे देवालाच ठाऊक. 'सिक्स्टी नाइन कॅमारो ३५०' म्हणून पार्ट मागवला की तो त्या गाडीचा येतो जी १९६९ साली कारखान्यातून निघाली होती, तुमच्या दारात आज उभी आहे तिचा येईलच असं नाही.

पहिलं फ्लायव्हीलचे दात मोजा. शेवीच्या (शेवरलेच्या) स्मॉल ब्लॉकला, म्हणजे ३५० ज्या कुळातलं त्या व्ही-८ इंजिनांना, दोन मापं, १५३ दातांचं छोटं आणि १६८ दातांचं मोठं, छोट्यावर १०.४ इंची क्लच बसतो, मोठ्यावर ११ इंची. दात मोजायला खडूने खूण करून गरागरा फिरवत बसावं लागतं, तिसऱ्यांदा मोजताना बायको जेवायला हाक मारते आणि आकडा विसरतो, चालायचंच. स्टार्टरवरूनही अंदाज येतो, १५३ वाल्याचे दोन बोल्ट सरळ रेषेत असतात, १६८ वाल्याचे तिरके.

दुसरं, क्रँकचा (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचा) प्रकार. १९८५ पर्यंतच्या स्मॉल ब्लॉकला मागचं मेन सील दोन तुकड्यांचं, १९८६ पासून एका तुकड्याचं, आणि दोन्हींच्या फ्लायव्हीलच्या बोल्टचं वर्तुळ वेगळं. बऱ्याच जुन्या कॅमारोंमध्ये आज नवं क्रेट इंजिन (खोक्यात तयार मिळणारं) बसलेलं असतं, तेव्हा हे बघाच. आणि ४०० क्युबिक इंचाचं इंजिन किंवा ४०० चा क्रँक घालून बनवलेलं ३८३ असेल तर त्याचा तोल फ्लायव्हीलवरच्या जादा वजनाने साधलेला असू शकतो. तिथे ३५० चं साधं फ्लायव्हील लावलं तर इंजिन हादरून हादरून स्वतःची बेअरिंग खाईल.

तिसरं, इनपुट शाफ्टच्या स्प्लाइन, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या दांड्यावरचे दाते, ज्यांवर क्लच प्लेट बसते. १९७० पर्यंतच्या बहुतेक मन्सीला १० दाते, १९७१ पासूनच्या मन्सीला २६ दाते, जाडी दोन्हींची सव्वा इंचापेक्षा थोडी कमी, एक पूर्णांक एक अष्टमांश इंच. ट्रेमेक कंपनीचा टीकेओ किंवा टीकेएक्स पाच स्पीड बसवलेला असेल तर २६.

फोर्डवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवायचं. ३०२ इंजिनाला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत २८ औंसाचा बॅलन्स (तोल साधणारं जादा वजन), नंतरच्या ५.० लिटरला ५० औंसाचा, बाहेरून दिसायला दोन्ही फ्लायव्हील भाऊ-भाऊ. मोपारमध्ये (क्रायस्लरच्या गाड्यांत) ए-८३३ गिअरबॉक्सला साधारण २३ स्प्लाइन, पण हेमी आणि ४४० या मोठ्या इंजिनांच्या मागे १८ वाला येतो. यापेक्षा खोलात जात नाही, माझा हात शेवीवरच बसलाय.

प्रेशर प्लेट: तीन बोटं की डायफ्राम

जुन्या पद्धतीच्या दोन, बोर्ग अँड बेक आणि लाँग, दोन्हींना तीन बोटं आणि आत कॉइल स्प्रिंगा. दाबतात जोरात, पण पेडलही तितकंच जड, आणि फेसिंग झिजत गेलं की स्प्रिंगा सैल पडत जातात म्हणजे पकड हळूहळू कमी होते. तिसरी डायफ्राम, एकच मोठी बशीसारखी स्प्रिंग. पेडल निम्म्याहून पुढे गेलं की उलट हलकं होतं, आणि झिजेबरोबर पकड लगेच ढासळत नाही. रस्त्यावरच्या गाडीला डायफ्राम घ्या, मला यात दुसरं मतच दिसत नाही. बोर्ग अँड बेक ज्यांना गाडी नटासकट १९६५ सालची ठेवायचीय त्यांनी खुशाल लावावी, हौसेला मोल नाही.

डायफ्राममध्येही दोन जाती आहेत आणि इथेच मी आपटलो. एकीची बोटं सपाट, दुसरीची बाहेरच्या बाजूला वाकलेली. जुन्या सपाट डायफ्रामची एक खोड अशी की खूप वरच्या आरपीएमला गिअर बदलताना स्प्रिंग पलीकडे जाऊन बसते आणि पेडल फ्लोअरलाच चिकटून राहतं, वाकलेल्या बोटांची प्लेट त्यावरचा उपाय म्हणून आली. पण बोटं वाकलेली असली की ती बेअरिंगच्या जास्त जवळ येतात, म्हणून त्यांना आखूड रिलीज बेअरिंग आणि सपाट बोटांना लांब. मी सपाट बोटांवर आखूड बेअरिंग लावलं. अ‍ॅडजस्टमेंटचा रॉड संपला तरी क्लच सुटेना, आणि मी आधी दोन दिवस लिंकेजलाच दोष देत बसलो.

सेंटरफोर्ससारखे काही क्लच डायफ्रामच्या बोटांवर छोटी वजनं बसवतात, फिरण्याचा वेग वाढला की ती वजनं दाब वाढवतात, म्हणजे पेडल हलकं ठेवून वर पकड मिळवायची. ज्याचा गुडघा कुरकुरतो त्याने हा प्रकार बघावा.

मोपार आणि काही फोर्ड गाड्यांत पेडलवर एक जाड ओव्हर-सेंटर स्प्रिंग असते, ती जड तीन-बोटी क्लचला मदत करायला. डायफ्राम टाकला की तिची गरज संपते आणि ती ठेवली तर पेडल वर यायलाच मागत नाही. काढून डब्यात घालून ठेवा, फेकू नका.

आणि जितकी कडक प्रेशर प्लेट तितका दर वेळी पेडल दाबताना क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या) भार. थंडीत क्लच दाबूनच स्टार्टर मारायची सवय असेल तर तेल वर चढायच्या आधी तो भार कोरड्या बेअरिंगवर पडतो. उगाच कडक प्लेट घेऊ नका म्हणतोय त्यामागे पायाचं दुखणं हे एकच कारण नाही.

फेसिंग

ऑरगॅनिक म्हणजे आपलं नेहमीचं. मऊ पकडतं, फ्लायव्हील खात नाही, थोडं जास्त तापलं तर जरा स्लिप होऊन थंड झाल्यावर पुन्हा येतं, पण पार जाळलं की चकचकीत काचेसारखं होतं आणि मग संपलं. यातही विणलेलं फेसिंग साच्यातल्यापेक्षा फुटायला जरा चिवट.

केव्हलारचं आयुष्य जास्त, पकडतं मऊ, पण बसायला नाजूक. पहिले पाचेकशे मैल तापवलं तर ते कायमचं बिघडतं. स्वतःवर ताबा नसेल तर घेऊ नका, मी घेतलं नाही, मला माहितेय मी कसा आहे.

सिरॅमिक पक, हे वर सांगितलंच. घर्षण ०.४ च्या घरात, म्हणजे त्याच २००० पौंडाच्या प्रेशर प्लेटवर ५८० च्या पुढे टॉर्क धरेल. पण ते पकडतं म्हणजे बटण दाबल्यासारखं, मधली अवस्था नाहीच, आणि हाफ क्लच नसलेली गाडी चढावर ट्रॅफिकमध्ये काढून दाखवा मग बोलू. एका बाजूला ऑरगॅनिक आणि दुसऱ्या बाजूला कडक मटेरियलचे तुकडे असा मिश्र प्रकारही मिळतो, साडेचारशे-पाचशे पौंड-फुटाच्या इंजिनाला तो चांगला मधला मार्ग आहे. त्याहून वरच्या इंजिनाला दोन प्लेटवाले क्लच, घासणाऱ्या बाजू चार, म्हणून तेवढ्याच स्प्रिंगवर दुप्पट धरतात. सुंदर प्रकार आहे, महाग आहे, माझ्या ४०० ला गरज नाही.

मधल्या हबला स्प्रिंगा असलेलीच प्लेट घ्या. स्प्रिंगा नसलेला घट्ट हब रस्त्यावर गिअरबॉक्सचे दात ठोकत राहतो.

शेवटी माझ्या गाडीत आहे ते असं: ११ इंची, दोन्ही बाजूंनी पूर्ण गोल ऑरगॅनिक, स्प्रिंगवाला हब, आणि स्टॉकपेक्षा थोडी जास्त दाबणारी डायफ्राम. ऐकायला किती साधं वाटतं. डब्यावर ज्वाळा वगैरे काही नाहीत.

फ्लायव्हील

जुनं वापरायचं तर मशीन शॉपमधून दगडाने सपाट ग्राइंड करून घ्या. लेथवर कातून देतो म्हणाला तर नको म्हणा, निळ्या-काळ्या तापलेल्या डागांवर लोखंड कडक झालेलं असतं, लेथचं हत्यार तिथे उडी मारतं आणि उंचवटे राहतात, मग गाडी थरथरते. केसासारख्या बारीक भेगा वर असतील तर ग्राइंडिंगमध्ये जातात, बोल्टच्या भोकापासून निघालेली भेग दिसली तर भंगारात.

हलकं अ‍ॅल्युमिनियम फ्लायव्हील घ्यायचा मोह होतो. इंजिन पटकन वर जातं हे खरं, पण गाडी जागेवरून उचलायला जडपणाच कामाला येतो, हलकं लावलं की क्लच जास्त घासावा लागतो. आठ-साडेआठच्या गुणाकारावर जड स्टीलचंच बरं.

ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीला) जाणार असाल तर मूळ कास्ट आयर्नचं फ्लायव्हील वरच्या आरपीएमला फुटू शकतं आणि ते तुमच्या पायांच्या पातळीवर फिरतंय हे विसरू नका. एनएचआरए (अमेरिकेतली ड्रॅग शर्यतींची संस्था) क्वार्टर माइल ११.४९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळात धावणाऱ्या गाड्यांना एसएफआय (रेसिंग पार्टची सुरक्षा मानकं ठरवणारी संस्था) प्रमाणित फ्लायव्हील, क्लच आणि संरक्षक बेलहाउसिंग मागते. आमच्यासारख्या तेरा-चौदा सेकंदवाल्यांना सक्ती नाही, पण मी एसएफआय १.१ चा स्टीलचा फ्लायव्हील घेतला, झोप नीट लागते.

बसवताना

जुना क्लच उघडताना हवेच्या पाइपने धूळ उडवायची नाही. साठ-सत्तरच्या दशकातल्या फेसिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ती काळी भुकटी फुफ्फुसात जाते. पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने ओली करा, मास्क लावा, फडकं पिशवीत बांधून टाका.

पायलट बुश दर वेळी बदला. आतून ओढून निघत नसेल तर ग्रीस ठासून भरा आणि भोकात नेमका बसणारा दांडा हातोडीने ठोका, ग्रीसच्या दाबाने बुश मागून बाहेर येतो. इथले लोक ग्रीसऐवजी ब्रेडचे तुकडे वापरतात, मी पोळीची कणीक वापरली, झकास निघाला, फक्त कणीक कशाला हवी हे घरात आधी सांगू नका. नवा बुश ब्राँझचा आहे ना हे चुंबक लावून बघा, चिकटला तर परत करा.

मग बेलहाउसिंगचं केंद्र. हे काम नव्वद टक्के लोक करत नाहीत असं माझा मशीन शॉपवाला वैतागून सांगतो. फ्लायव्हीलवर डायल गेज (बारीक फरक दाखवणारं सुईचं मोजमाप) लावून बेलहाउसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेवर सुई फिरवायची, पूर्ण फेऱ्यात फरक ०.००५ इंचाच्या आत हवा. जास्त असेल तर ऑफसेट डॉवेल पिन मिळतात ०.००७, ०.०१४ आणि ०.०२१ इंचाच्या, गेजवर दिसलेल्या फरकाच्या निम्मी घ्यायची, म्हणजे ०.०१४ फरक दिसला तर ०.००७ ची पिन. केंद्र चुकलेलं असेल तर प्लेटचा हब वाकडा ओढला जातो, क्लच नीट सुटत नाही, गिअर टाकताना घासतो, आणि पुन्हा तुम्ही क्लचच्या कंपनीला शिव्या घालता.

फ्लायव्हीलचे बोल्ट ६० पौंड-फूट, प्रेशर प्लेटचे ३५, क्रॉस पद्धतीने थोडे थोडे करत, आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट त्यासाठीचेच खांदेवाले घ्या, हार्डवेअरच्या दुकानातले साधे नकोत. नव्या बोल्टसोबत वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. फ्लायव्हील आणि प्लेट ब्रेक क्लीनरने पुसा, तेलकट बोट लागलं तरी पुन्हा पुसा. प्लेटवर कुठली बाजू फ्लायव्हीलकडे ते लिहिलेलं असतं, सहसा स्प्रिंगांचा फुगवटा गिअरबॉक्सकडे येतो. अलाइनमेंटचा प्लास्टिकचा दांडा तुमच्या स्प्लाइनचा घ्या, आणि गिअरबॉक्स आत जाताना त्याचं वजन प्लेटच्या हबवर कधीही लोंबू देऊ नका. बोल्टने ओढून गिअरबॉक्स आत घेऊ नका. जात नसेल तर काहीतरी जुळत नाहीये, थांबा, चहा घ्या.

हेडर्स असतील तर झेड बार पाइपला घासत नाही ना हे पेडल पूर्ण दाबून बघा. त्याची बुशिंग आणि फोर्कचा पिव्होट बॉल सगळं नवीन टाका, हे पार्ट स्वस्त आहेत आणि झिजले असतील तर पेडलची अर्धी चाल तिथेच हरवते.

पहिले ५०० मैल

शहरात, सिग्नल-टू-सिग्नल, साधं सरळ चालवायचं. हायवेचे मैल यात धरायचे नाहीत, चौथ्या गिअरमध्ये ऐंशी मैल गेलात तर क्लच एकदाही बसला-उठला नाही, फक्त तास गेले. टायर जाळणं, ट्रेलर ओढणं, चढावर क्लचवर गाडी तोलून धरणं, सगळं बंद. सुरुवातीला थोडा वास येतो आणि हलकीशी थरथर होते, दोन-तीनशे मैलांत जाते.

मी हे पाचशे मैल ट्रॉयहून फार्मिंग्टन हिल्सला गल्लीबोळातून किराणा आणायला जाऊन पूर्ण केले, १९६९ च्या कॅमारोत मागच्या सीटवर दहा पौंडाची तुरीची डाळ. पाचशे झाले की गाडीखाली जाऊन पेडलची मोकळी चाल पुन्हा बघायची, माझी इंचावरून पाऊण इंचावर आली होती, नट अर्धा फेरा फिरवून इंचावर आणली.